ळ, बाई आणि एक जानेवारी

दर नोव्हेंबरात मी आईंना रिक्षात घालून बँकेत नेते आणि त्या जिवंत असल्याचं सिद्ध करून आणते. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय ८६. सासरे सरकारी नोकरीत होते. त्यांच्यामागे आईंना पेन्शन मिळतं, आणि ते चालू राहायचं तर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी कागदावर सही करून भागायचं. आता तिथे अंगठा लागतो.

यंदा अंगठा लागला नाही. काडेपेटीहून थोडी मोठी काळी डबी, वर काच, आत लाल उजेड. काउंटरवरच्या मुलाने आईंचा अंगठा काचेवर ठेवला, वरून स्वतःच्या बोटाने दाबला, पडद्याकडे बघितलं आणि मान हलवली. उजवा झाला, डावा झाला, मग तर्जनी, मधलं बोट. रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, बोट कपाळावरून फिरवा, जरा तेलकट झालं की लागतं. तेही केलं. आईंच्या बोटांवर आता रेघाच उरलेल्या नाहीत. साठेक वर्षं राखेनं भांडी घासली, पाट्यावर पुरण वाटलं, दर उन्हाळ्यात कुरडयांचा चीक ढवळला. बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झालीत की उजेडात धरली तर चकाकतात.

मग चेहरा. मोबाइल समोर धरायचा, गोलात तोंड बसवायचं आणि पापण्या मिचकवायच्या, म्हणजे कोणी नुसता फोटो धरून फसवत नाहीये हे त्याला कळतं. "अम्माजी, पलकें झपकाइए," मुलगा म्हणाला. आईंना एका कानाने ऐकू येत नाही. मी दुसऱ्या कानात ओरडले, "आई, डोळे मिटा, उघडा!" आईंनी डोळे मिटले, हात जोडले आणि तशाच राहिल्या, देवळात उभ्या असल्यासारख्या. अख्खी रांग हसली. मीही हसले. तिसऱ्या खेपेला जमलं.

परतताना रिक्षात आई म्हणाल्या, "हा मुलगा आपल्या गोठीतलाच ना? लहानपणी गणपतीत आरतीला यायचा." होय, तोच. "मग त्याला ठाऊक होतं की मी कोण ते. त्या डबीला कशाला विचारत बसला?"

(ग्वाल्हेरबाहेरच्यांसाठी: गोठ म्हणजे लष्करातली जुनी मराठी वस्ती, बहुतेक कुठल्या तरी सरदाराच्या किंवा कामदाराच्या नावाची. आणि लष्कर म्हणजे आमच्या शहराचा भाग. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला, तो उठलाच नाही, त्याचं शहर झालं.)

मी ३४ वर्षं बँकेत काढली. आईंच्या प्रश्नाचं उत्तर मला तरी यायला हवं होतं. आलं नाही.

हे डोक्यात घोळत होतंच, कारण आठ-पंधरा दिवसांपूर्वी भाऊबीजेला भाच्याशी याच विषयावरून वाजलं होतं. तो मँचेस्टरला असतो. तिकडे पंतप्रधान स्टार्मर यांनी सप्टेंबर २०२५ च्या शेवटी जाहीर केलं की काम करायचं असेल तर प्रत्येकाला डिजिटल ओळखपत्र घ्यावं लागेल. लगेच संसदेच्या वेबसाइटवर विरोधाचा अर्ज, आणि काही दिवसांतच त्यावर वीस लाखांवर सह्या. त्यातली एक आमच्या भाच्याची. पुढे ऑक्टोबरात स्टार्मर मुंबईला आले, आपलं आधार उभारणाऱ्या नंदन निलेकणींना भेटले, भारतात हे फार यशस्वी झालंय म्हणून कौतुक करून गेले. ते ऐकून मला उगाच बरं वाटलं होतं. तेवढ्यात हा व्हिडिओ कॉलवर म्हणतो, "आत्या, मी विरोधात सही केलीय."

मी म्हटलं, "अरे, तुझं कशात अडलंय? तुझ्याकडे तर आधीपासून आहे."

खरंच आहे. तिथे परदेशी माणसांना बोटांचे ठसे घेऊन कार्ड द्यायला २००८ सालीच सुरुवात झाली. आता ते प्लास्टिकचं कार्डही गेलं, सगळं ऑनलाइन. घर भाड्याने घेताना, नोकरी बदलताना हा एक कोड काढून समोरच्याला देतो, समोरचा तो टाकून बघतो की हा इथे राहू शकतो का. इंग्रज माणसाला मात्र सक्तीचं असं कुठलंच ओळखपत्र नाही.

"म्हणूनच सही केली," तो म्हणाला. "दर वेळी कोड दिला की तो माणूस स्क्रीनकडे बघत असतो, आणि तेवढ्या अर्ध्या मिनिटात माझ्या पोटात गोळा येतो. सगळं बरोबर असतं गं, तरी येतो. तो गोळा सगळ्या देशाला कशाला?"

मला म्हणायचं होतं की इकडे १४० कोटी लोक घेऊन बसलेत तो गोळा. पण माझा भाऊ मागून ओरडला की वाद पुरे, आधी ओवाळून घे, ताटातलं निरांजन विझतंय.

रात्री झोप येईना म्हणून वाचत बसले. इंग्लंडात हे कार्ड यापूर्वीही येऊन गेलंय हे मला माहीत नव्हतं. एकदा १९३९ साली, युद्ध सुरू झाल्याबरोबर. सैन्यभरती, देशाची सुरक्षा आणि रेशन, एवढ्या तीन कामांसाठी. युद्ध संपलं, कार्ड राहिलं. १९५० पर्यंत ३९ सरकारी खाती ते वापरत होती. त्या डिसेंबरात क्लॅरेन्स विलकॉक नावाच्या माणसाला उत्तर लंडनमध्ये पोलिसाने गाडी जोरात चालवतो म्हणून अडवलं आणि कार्ड मागितलं. हा ड्रायक्लीनिंगच्या धंद्यातला माणूस. त्याने सरळ सांगितलं, मी लिबरल आहे, असल्या गोष्टी मला पटत नाहीत, कार्ड दाखवणार नाही. खटला वरच्या कोर्टापर्यंत गेला. हरला तो. पण मुख्य न्यायाधीश लॉर्ड गॉडर्ड यांनी पोलिसांनाच सुनावलं, की युद्धासाठी केलेला कायदा असा ऊठसूट वापरलात तर सरळमार्गी माणसंच कायदा मोडायला लागतील. फेब्रुवारी १९५२ मध्ये कार्ड रद्द झालं.

मग पुन्हा २००६ च्या कायद्याने. २००९ साली वाटप सुरू झालं तेही भाच्याच्याच मँचेस्टरपासून, ३० पौंडांना एक. पुढच्या वर्षी सरकार बदललं आणि कायदाच रद्द. ज्या हार्ड डिस्कांवर लोकांची माहिती होती त्या २०११ मध्ये मंत्र्यासमोर यंत्रात घालून भरडल्या. ज्यांनी ३० पौंड भरले होते त्यांना ते परत मिळाले नाहीत. या शेवटच्या गोष्टीवर मी अंधारात एकटी हसले. बँकेतल्या माणसाला असलं लगेच कळतं.

आता माझ्या काउंटरची गोष्ट. १९८४ साली मी नोकरीला लागले तेव्हा खातं उघडायच्या फॉर्मवर एक रकाना असायचा, परिचयदाता. ज्याचं आधीपासून खातं आहे अशा माणसाने सही करून सांगायचं की मी यांना ओळखतो. आमच्या शाखेतल्या निम्म्या खात्यांवर दौलतगंजातल्या एकाच किराणावाल्यांची सही होती. धोतर, डोक्यावर काळी टोपी, स्वतःचं काम नसतानाही कोणाला तरी घेऊन यायचे. "बाई, हा आपला माणूस आहे," म्हणायचे आणि सही ठोकायचे. त्यांच्या सहीचं एकही खातं कधी बुडीत निघालं नाही. असं लिहिलं की वाटतं, काय सोन्याचा काळ!

नव्हता. आमच्याकडे धुण्याभांड्याला एक बाई यायची, तिला खातं हवं होतं. नवरा पैसे हिसकावून प्यायचा म्हणून. किराणावाल्यांनी सही दिली नाही, म्हणाले मी तिच्या घरच्यांना ओळखत नाही. त्यांच्या "आपला माणूस"मध्ये कोण बसतं आणि कोण नाही, हे सगळ्या गंजाला न बोलता माहीत होतं. मग तिने मला विचारलं. माझं स्वतःचं खातं होतं, मला सही करता आली असती. मी केली नाही. उद्या त्या खात्यावर काही भलतंसलतं झालं तर माझ्यावर येईल, असा विचार केला. चार वर्षं तिच्या हातचं घासलेलं ताट समोर घेऊन जेवत होते, आणि ओळखत नव्हते. ती वर्षानुवर्षं पैसे आमच्याकडे ठेवायची, डाळीच्या डब्यात, चिठ्ठी लावून.

२०१४ मध्ये जनधन आलं. ती आधार घेऊन दुसऱ्याच एका शाखेत गेली, दहा मिनिटांत खातं उघडून आली आणि पासबुक मला दाखवायला घेऊन आली. किराणावाला नाही, मी नाही, कोणीच लागलं नाही तिला. आधारविरुद्ध कोणी काही बोललं की मला ते पासबुक आठवतं. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो गप्प बसला.

पण मग २०१७ आठवतं. खात्याला आधार जोडा, नाहीतर व्यवहार बंद, असं वरून आलं. मुदत आधी ३१ डिसेंबर, मग ३१ मार्च. मी रोज चाळीस-पन्नास फोन करायचे. माझ्याच आवाजात म्हाताऱ्या माणसांना सांगायचे की खातं गोठेल. काही जण फोनवर रडले. त्याच सुमारास झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी गेली. घरचे म्हणत होते, रेशनकार्डाला आधार जोडलं नाही म्हणून धान्य बंद झालं आणि ती भुकेने गेली. सरकार म्हणत होतं मलेरिया. बातमी वाचली, डबा खाल्ला आणि पुन्हा फोन करायला बसले.

२६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. चार विरुद्ध एक. आधार राहिलं, पॅनला आणि सरकारी मदतीला जोडणं राहिलं, पण बँक खात्याला आणि मोबाइलच्या सिमला सक्ती करता येणार नाही म्हणाले. एकटे न्यायमूर्ती चंद्रचूड म्हणाले की हा कायदा मनी बिल, म्हणजे निव्वळ पैशांचं विधेयक, म्हणून संमत केला हेच मुळात घटनेला धरून नाही. पुढच्याच महिन्यात मी निवृत्त झाले. निरोप समारंभात मला शाल-श्रीफळ मिळालं, आणि शंभर टक्के आधार जोडणी केल्याबद्दल आमच्या शाखेचं वेगळं कौतुक झालं. निकाल लागून गेल्यावर.

त्यामुळे बाजू कोणती, असं कोणी विचारलं तर माझी पंचाईत होते. कार्ड असावं. हवं तर एकच असावं. आमच्या मध्य प्रदेशात तर आधारखेरीज समग्र आयडी आहे, कुटुंबाचा आठ आकडी वेगळा, माणसाचा नऊ आकडी वेगळा, शिवाय रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, पॅन. माझी तक्रार एवढीच की परिचयदात्याचा तो रकाना कायमचा पुसून टाकला. डबी चुकली तर माणसाने पुढे होऊन "मी यांना ओळखतो" म्हणायला कुठे जागा ठेवली नाही. गंमत म्हणजे आधारच्या मूळ योजनेत ती होती. ज्यांच्याकडे कुठलाच कागद नाही त्यांच्यासाठी परिचयदाता नेमायची सोय होती. २०१५ साली माहिती अधिकारात उत्तर मिळालं, की ८३ कोटींहून जास्त आधारांपैकी त्या वाटेने दिलेले फक्त २ लाख १९ हजार. बाकी सगळ्यांकडे आधीपासून काही ना काही कागद होताच.

हे सगळं लिहायचं कारण, दाखला दिल्यावर तिसऱ्या दिवशी बँकेतून फोन आला. दाखला नामंजूर. चेहरा जुळला, नाव जुळत नाही.

आईंच्या नावाचं प्रकरण थोडक्यात सांगते. माहेरचं नाव वेगळं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं, ते वेगळं. सासऱ्यांच्या ऑफिसातल्या हिंदी बाबूने पेन्शनच्या कागदात त्या नावापुढे स्वतःहून "बाई" जोडलं. इकडे तसंच करतात, पुरुषाला राव, बाईला बाई, मान दिल्यासारखं. आधार काढताना आईंनी स्वतःचं नाव नीट सांगितलं, बाई न लावता. म्हणजे ज्या कागदावर नाव बरोबर आहे तोच आता खोटा ठरलाय. जन्मतारीख १ जानेवारी. आमच्या गोठीतल्या एकजात सगळ्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जानेवारी आहे, ज्यांना तारीख सांगता आली नाही त्यांना ती वाटून टाकली. आई आषाढातल्या, भर पावसातल्या. त्या दिवशी नदीला पूर होता एवढं त्यांना आईकडून ऐकून माहीत आहे.

आणि आडनाव. आम्ही काळे. इंग्रजीत के ए एल ई ठीक, पण आधारवर हिंदीतही छापतात, तिथे काले. माझ्या नवऱ्याच्या कार्डावर तर केल छापून आलंय, यंत्राने इंग्रजीवरून आपल्या बुद्धीने लावलेलं. या शहरात वाड्याचा बाडा झाला, आमच्या ळ चं ल व्हायला काय हरकत आहे, असं सासरे म्हणायचे. मला मात्र त्या ल चा राग येतो. माझ्या माहेरच्या आडनावात ळ नव्हता, हा मला लग्नात मिळालाय.

पेन्शनच्या कागदातलं "बाई" काढायला काय करावं लागतं त्याची चौकशी केली. भोपाळ, अर्ज, प्रतिज्ञापत्र, आणि सहा महिने तरी. त्यापेक्षा आधारवर बाई लावून घेणं सोपं. म्हणजे बरोबर नाव चुकीच्या नावाशी जुळवून घ्यायचं. फी ७५ रुपये, ऑक्टोबर २०२५ पासून पन्नासचे पंच्याहत्तर झालेत. आणि आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. आई म्हणाल्या, "माझं एकदा लग्नात बदललं, हे दुसरं. संपलं की."

मध्येच एक चांगली गोष्ट झाली ती सांगते. मतदारयादीच्या पुनरीक्षणाचे फॉर्म घेऊन बीएलओ (बूथ लेव्हल ऑफिसर) बाई आल्या, शाळेत शिकवतात, दिवसभर जिने चढून पाय सुजलेले. वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या यादीत आईंना शोधायचं होतं. सापडल्या, पण आडनाव गायब, वय सहा वर्षं जास्त, आणि अर्थातच बाई. नवऱ्याचं नाव तेवढं बरोबर. माझ्या पोटात तो भाच्याचा गोळा आला. बीएलओ बाईंनी मोबाइलकडे बघितलं, मग आईंकडे, मग शेजारच्या दारात उभ्या असलेल्या शर्माजींकडे. "ये वही हैं न?" शर्माजी म्हणाले, "अरे मैडम, इनकी शादी में मेरे पिताजी ने बैंड बजवाया था." बाईंनी फॉर्मवर लिहिलं, चहा घेतला, पुढच्या जिन्याला लागल्या.

काल आधार केंद्रावर गेलो. टोकन, दीड तास, प्लास्टिकची खुर्ची. ऑपरेटर वीस-बावीस वर्षांचा. बाई लावून झालं. मग मी म्हटलं, आडनावही नीट कर, ल नाही, ळ.

"मैडम, ये अक्षर हिंदी में होता नहीं."

"कीबोर्डवर आहे. इनस्क्रिप्ट घे. एन दाबलं की ल येतो ना, शिफ्ट धरून एन दाब."

बँकेत हिंदी पंधरवड्याच्या टायपिंग स्पर्धेत मला तीनदा बक्षीस मिळालंय, ते या दिवसासाठी होतं असं वाटलं. त्याने दाबलं. पडद्यावर ळ आला. मुलगा पडद्याजवळ वाकून बघायला लागला, जणू चिलट बसलंय काचेवर.

"ये बोलते कैसे हैं?"

मी म्हणून दाखवला. तो म्हणाला, "काड़े?"

"काळे," आई म्हणाल्या. हे त्यांना बरोबर ऐकू आलं होतं.

"काले?"

"अरे जीभ वर ने, टाळूला लाव," आई त्याला मराठीतच सांगायला लागल्या, आणि स्वतःचं तोंड उघडून जीभ कुठे लावायची ते दाखवायला लागल्या. मागे टोकन नंबर ४७ चा माणूस घड्याळ बघत उभा होता.